दाराबाहेरचा बंधू

चंद्रमौलीरावांच्या घराचा उंबरठा चार बोटं उंच होता, पण तो ओलांडला की माणूस परमुलखातून स्वगृही आल्यासारखा बदलायचा. बाहेर तिण्णै, म्हणजे रस्त्याच्या कडेचा घराचा ओटा. तिथे बोलायचं ते तमिळमध्ये. आत पाऊल पडलं की मराठी. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो मोडायची सोयही नव्हती. तंजावरच्या राजांबरोबर पूर्वज आले, राजे गेले, पूर्वजही गेले, आणि भाषा तेवढी मागे राहिली. ती एखाद्या घरंदाज सुनेसारखी घरातच राहिली. चारचौघांत तिनं कधी तोंड उघडलं नाही.

कुंभकोणमला अशी पंधरावीस घरं असतील. त्यातली दोन माणसं महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर भेटली, तर एकमेकांची विचारपूस तमिळमध्ये करत. सख्खे भाऊही बाजारात वांग्यांचा भाव एकमेकांना तमिळमध्ये सांगत आणि घरी येऊन त्याच वांग्यांवरून मराठीत भांडत.

चंद्रमौलीराव आणि गोमतीबाई यांची भांडणं या नियमानं फार रंगत. गोमतीबाई भाजीवालीशी बोलताबोलता तिण्णैवर सुरुवात करत, तमिळमध्ये, आवाज खाली ठेवून, कारण समोरच्या घरी अलमेलू मामी तांदूळ निवडत बसलेली असे. मग दोघं आत येत. उंबरठ्याशी भाषा बदले आणि मुद्दे पहिल्यापासून सुरू होत. चंद्रमौलीराव एकच भांडण दोनदा हरत. ही सोय जगात फार थोड्या नवऱ्यांना असेल.

या नियमाला अपवाद एकच. जेवायची वेळ झाली की गोमतीबाई दाराच्या आतल्या बाजूला उभ्या राहून हाक मारत, "पानें मांडलीं." केळीची पानं मांडून झाली, या आता, असा तिचा अर्थ. त्या आत उभ्या, म्हणून हाक मराठीत. चंद्रमौलीराव तिण्णैवर कुणाशी तरी काँग्रेसचं काय चुकलं ते तमिळमध्ये सांगत बसलेले असत. ते मान न वळवता म्हणत, "आलों." आणि जागचे हलत नसत. दुसरी हाक, पुन्हा "आलों." तिसऱ्या हाकेला मात्र उठावं लागे, कारण चौथी हाक गोमतीबाई बाहेर येऊन मारत, आणि ती तमिळमध्ये असल्यामुळे सगळ्या गल्लीला कळे. चाळीस वर्षं हे असंच चाललं. तिण्णैवर बसून त्यांनी उच्चारलेलं मराठी एवढंच, ते "आलों". त्यातही तथ्य नसे.

मग एका आषाढात गोमतीबाई गेल्या.

मुलगा जमशेदपूरला होता. त्याची मुलं आपसात हिंदी बोलत आणि आजोबांशी नुसतं हसत. चंद्रमौलीराव एकटेच राहिले. दोन वेळचा डबा अलमेलू मामीकडून येई, कॉफी ते स्वतः करत. बोलण्याची ददात तशी नव्हती. देवाशी संस्कृतात बोलणं होई, पेन्शनच्या कचेरीत इंग्रजीत. कावळ्याला भाताचा गोळा अंगणात ठेवायचा, म्हणजे उंबरठ्याबाहेर, म्हणून कावळ्याशी तमिळ. मराठी तेवढी उरली, आणि ती उरली ती कुणासाठीच नाही. छप्पन सालची ही गोष्ट. त्या वर्षी पेपरात रोज भाषेप्रमाणे प्रांत वाटले जात होते. तेलुगूला प्रांत, कन्नडला प्रांत, मल्याळमला प्रांत. चंद्रमौलीरावांना प्रांत नको होता. एक माणूस मिळाला असता तरी चाललं असतं.

एकदा त्यांनी पुण्याच्या एका यात्रेकरूला गाठलं होतं. तिरुनागेश्वरमला निघालेला तो सज्जन बैलगाडीची घासाघीस हातवाऱ्यांनी करत होता. चंद्रमौलीरावांनी नियम मोडून भररस्त्यात त्याला विचारलं, "आपण कोठून येणें केलेंत?" तो गृहस्थ दचकला, आणि मग इतक्या आदरानं वाकला की पंचाईत झाली. "आजोबा, बखरीतून उठून आल्यासारखं बोलता हो तुम्ही," असं म्हणून त्यानं नमस्कार केला आणि गाडीत चढला. जिवंत माणसाला बखरीतला म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?

पण खरी ठेच लागली ती स्वयंपाकघरात. एका सकाळी कॉफीचं उकळतं पाणी त्यांच्या हातावर सांडलं, आणि तोंडातून निघालं, "अय्यय्यो, अम्माडी!" चटका बसला तो बसलाच, पण चंद्रमौलीराव फुंकर घालायचं विसरून तसेच उभे राहिले. तमिळ उंबरठा ओलांडून आत आली होती. पार चुलीपर्यंत आली होती. कुणी वहाणा घालून देवघरात शिरावं तसं त्यांना वाटलं. आणि तिला "बाहेर हो" म्हणायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून ते माणसं शोधू लागले. पहिल्यांदा गेले राजगोपालराव वकिलांकडे. पण पुरुषमाणसाकडे पुरुषमाणूस गेला की त्याला तिण्णैवर बसवायचं, ही गावाची रीत. आत बायकामाणसं. वकिलांनी "वांगो, उक्कारुंगो" म्हणून या-बसा केलं, कॉफी बाहेर आली, तासभर तमिळमध्ये गप्पा झाल्या. उत्तम झाल्या. चंद्रमौलीराव उपाशी घरी आले. मग गोविंदपुरमला विठोबाच्या देवळात भजनाला जाऊन पाहिलं. तिथे मराठी अभंग भरपूर होते, पण भजनात कुणी कुणाशी बोलत नाही. पांडुरंगाशी सगळे बोलतात, शेजारच्याशी नाही. भजन संपून देवळाबाहेर आलं की टाळकरी चपला शोधताशोधता तमिळ बोलू लागत.

कुणापुढे मन मोकळं करावं तर तेही अवघड. एकटं वाटतं, ही गोष्ट तमिळमध्ये सांगण्याजोगी नव्हती. मराठीत सांगायची, तर ऐकणारा आधी उंबरठ्याच्या आत यायला हवा होता. आणि चार पुरुषांनी उंबरठ्याच्या आत यायला लग्न, मुंज किंवा श्राद्ध लागतं. श्राद्ध तर वर्षातून एकदाच.

अशा विचारात असताना त्यांना तिरुचिरापल्लीचा भुताचा बंगला आठवला.

रेल्वेच्या मालखात्यात कारकून असताना त्यांच्या साहेबाची कसलीशी लॉज, म्हणजे गुप्त मंडळी, होती. साहेबलोक महिन्यातून एकदा एका बंगल्यात जमत, दारं लावून घेत आणि एकमेकांना बंधू म्हणत. आत काय चालतं ते कुणालाच माहीत नसल्यामुळे गावानं भूत ठरवून टाकलं होतं. तातडीच्या सह्या घ्यायला चंद्रमौलीरावांना तिथे जावं लागे. देशी कारकुनाला व्हरांड्यापर्यंतच मज्जाव नव्हता. व्हरांड्यात दारासमोर एक म्हातारा गोरा सार्जंट हातात नागवी तलवार घेऊन खुर्चीवर बसलेला असे. प्रत्येक येणारा त्याच्या कानात परवलीचा शब्द सांगे, मग दार उघडे. चंद्रमौलीरावांनी एकदा त्याला विचारलं होतं, "आत काय करतात?" सार्जंट म्हणाला, "मला काय ठाऊक? मी दाराशी." आणि त्यानं खिशातलं अर्धं बिस्किट पुढे केलं होतं. तरुण चंद्रमौलीराव घरी येऊन हे गोमतीबाईंना सांगताना पोट धरधरून हसले होते. गोमतीबाई हसल्या नव्हत्या. "बापडा," एवढंच म्हणाल्या होत्या.

दारं लावून घ्यायची आणि आत बसायचं! चंद्रमौलीरावांना वाटलं, एवढी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही.

ते पुन्हा वकिलांच्या तिण्णैवर गेले.

"गुप्त मंडळी?" राजगोपालराव तमिळमध्ये म्हणाले आणि अडकित्ता खाली ठेवला. "कलेक्टरसुद्धा असायचा म्हणता?"

"कलेक्टर तर साधा बंधू. वर अध्यक्ष असतो."

"अध्यक्ष कुणाला करतात?"

"गावातला सगळ्यात वजनदार माणूस."

राजगोपालरावांचं वजन गावात कुणाला विचारायची गरज नव्हती. दोन वर्षं ते तिण्णैच्या खांबाला टेकून बसत नव्हते, खांबाच्या काळजीनं. त्यांनी विड्याला चुना लावता लावता थोडा विचार केल्यासारखं केलं. "आपल्या लोकांत एकी नाहीच. मी कधीपासून म्हणतोय," ते म्हणाले. त्यांनी ते कधी म्हटलं होतं ते कुणाला आठवलं नाही, पण बंधुसभेची स्थापना त्या क्षणी झाली असं मानायला हरकत नाही.

सात जण लागतात असं चंद्रमौलीरावांनी कुठेतरी ऐकलं होतं. सात जमले. वकील अध्यक्ष. पितळेच्या भांड्यांचा दुकानदार व्यंकोबा, जो गोविंदपुरमच्या भजनात पुढे उभा राहून गाई आणि ज्याचा आवाज पट्टीश्वरमपर्यंत पोचतो असं लोक म्हणत. चित्रकलेचे मास्तर, पोस्टातले एक, आणखी दोघं, आणि स्वतः चंद्रमौलीराव. जागा अर्थातच चंद्रमौलीरावांची. मोकळं घर गावात तेवढं एकच होतं.

दिवस रविवारचा, कारण कोर्टाला सुट्टी. पण रविवारी साडेचार ते सहा राहूकाळ. राहूकाळात शुभकार्याला सुरुवात करायची नाही हे कुंभकोणममध्ये मांजरालाही ठाऊक असतं. म्हणून चारला जमायचं, साडेचारच्या आत सगळ्यांनी उंबरठा ओलांडायचा, आणि एकदा सुरुवात झाली की मग राहू आपला बाहेर बसेल, असं ठरलं.

बाहेर कोण बसणार होतं ते मात्र अजून ठरायचं होतं.

स्थापनेच्या दिवशी चंद्रमौलीरावांनी घर धुऊन काढलं. दिवाणखान्यात सात पाट मांडले. पहाटेपासून ते मनातल्या मनात मराठी वाक्यं जुळवत होते, मुलीकडच्या मंडळींशी बोलायला जुळवावीत तशी. चारला सगळे आत आले, उंबरठा ओलांडला, आणि काय सांगावं, एकदम मराठी सुरू झाली. "पायां पडतों." "बसा, बसा, पंखा कोठें आहे?" "तुमचे घर भारी थंड हो." पाणी कोंडलेल्या पाटाचं फळकुट काढावं तसं झालं. चंद्रमौलीराव कोपऱ्यात उभे राहून नुसते ऐकत होते. डोळ्यांत पाणी येईल म्हणून त्यांनी पाटाची रांगोळी पुन्हा ठीक केली.

"आतां कामास लागूं," राजगोपालराव म्हणाले. "चंद्रमौलीराव, तुम्हीं तें पाहिलें आहे. कसें करतात सांगा."

इथे अडचण आली. चंद्रमौलीरावांनी पाहिलं होतं ते दार. आतलं काहीच पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांनी दार सांगितलं, आणि अगदी बारकाव्यानिशी सांगितलं. बाहेर एक राखणदार बसतो. हातात तलवार असते. प्रत्येक बंधू त्याच्या कानात परवलीचा शब्द सांगतो. राखणदार आत येत नाही. तो नेहमी तोच असतो, अकरा वर्षं आपण एकच पाहिला. हे सगळं सांगताना त्यांना कोण आनंद झाला होता, कारण अस्के जण, म्हणजे सगळेच्या सगळे, कान देऊन ऐकत होते.

"आणि आंत काय करतात?" मास्तरांनी विचारलं.

"आंत बोलतात," चंद्रमौलीराव म्हणाले. दुसरं त्यांच्या मनात काही नव्हतंच.

"तें आम्हांस येतें," व्यंकोबा म्हणाला. "दार मात्र आम्हांस येत नाहीं."

"दार चंद्रमौलीरावांसच येतें," वकील म्हणाले. त्यांनी निकाल दिल्यासारखी मान हलवली. "ज्यास जें येतें त्यानें तें करावें. शिवाय घर त्यांचें. आपले घराचें दार आपण राखावें हें उत्तम. काय म्हणतां?"

सगळे उत्तम म्हणाले. चंद्रमौलीरावही म्हणाले. एवढा मान दिल्यावर नाही कसं म्हणणार?

तलवारीचा प्रश्न उरला. राजदरबाराशी नातं सांगणाऱ्या सातही घरांत तलवार होती असं प्रत्येकजण म्हणाला, फक्त ती आत्ता घरात नव्हती. कुणाची काकांकडे, कुणाची पुतण्याच्या लग्नात वराला धरायला दिली ती परतच आली नाही. शेवटी व्यंकोबानं दुकानातून बुंदी पाडायचा लांब दांड्याचा पितळी झारा आणून दिला. "चकाकतो तरी," तो म्हणाला.

आणि मग दार लागलं. चंद्रमौलीराव स्वतःच्याच तिण्णैवर, स्वतःच्याच बंद दारासमोर, हातात झारा धरून बसले. आतून हसण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. सागवानी दार जाड होतं. बनवताना त्यांनीच तसं सांगितलं होतं.

समोरून अलमेलू मामीनं सूप खाली ठेवलं. "काय हो राव," तिनं तमिळमध्ये विचारलं, "आज बुंदी का?"

"नाही. सभा आहे."

"मग तुम्ही बाहेर?"

"मी राखणदार."

"कशाची राखण? आत काय करतात?"

"मला काय ठाऊक?" चंद्रमौलीराव म्हणाले. "मी दाराशी." आणि बोलून झाल्यावर त्यांना तो सार्जंट आठवला, त्याचं अर्धं बिस्किट आठवलं, आणि गोमतीबाईंचं "बापडा" आठवलं.

सभा संपली. दार उघडलं. सहाही जण बाहेर आले, उंबरठा ओलांडला, आणि तमिळमध्ये म्हणाले, "फार छान झालं, सार. पोयिट्टु वरोम." जाऊन येतो. आत सात पाट होते आणि पानाचा वास होता. चंद्रमौलीरावांनी पाट उचलले. सातव्यावर कुणी बसलं नव्हतं, तोही उचलला.

दुसऱ्या रविवारापर्यंत त्यांनी परवलीचा शब्द ठरवला. तो ठरवायचा अधिकार राखणदाराचा असतो, असं त्यांनी वकिलांना सांगितलं. हे खरं होतं की नाही देव जाणे, पण दाराच्या बाबतीत त्यांचा शब्द कुणी खोडत नव्हतं.

पहिले आले राजगोपालराव. तिण्णैवर तमिळमध्ये उन्हाळ्याला नावं ठेवली, मग वाकून चंद्रमौलीरावांच्या कानाशी तोंड नेलं आणि हलकेच म्हणाले, "पानें मांडलीं."

चंद्रमौलीरावांनी डोळे मिटले. वकिलांना वाटलं, हा विधीचाच भाग असावा. त्यांनीही मिटले.

मग मास्तर, मग पोस्टातले, मग बाकीचे. प्रत्येकानं कानात सांगितलं, "पानें मांडलीं." कुणाचा तपकिरीचा वास, कुणाच्या मिशा कानाला लागत. पण शब्द तेच, आणि उंबरठ्याबाहेर, भर उजेडात, त्यांच्याचसाठी. शेवटी व्यंकोबा आला, नेहमीप्रमाणे उशिरा. त्यानं हात तोंडाशी धरून कुजबूज केली. पण त्याच्या गळ्याला कुजबूज माहीत नव्हती. देवळातला शंख हळू वाजवावा म्हटलं तर किती हळू वाजेल? "पानें मांडलीं, अण्णा!" असं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. कोपऱ्यावरची फुलवाली वळून पाहू लागली. एक कुत्रं उठून बसलं.

दार लागल्यावर अलमेलू मामीनं निवडलेले तांदूळ एका बाजूला सारले. मग म्हणाली, "ही तर गोमतीची हाक."

चंद्रमौलीरावांनी झाऱ्याच्या भोकांतून रस्त्याकडे पाहिलं.

"तीनदा मारायची बिचारी," मामी म्हणाली. "तुम्ही काही उठायचा नाहीत." आणि ती सूप घेऊन आत गेली.

व्यंकोबाच्या कृपेनं परवलीचा शब्द गल्लीभर झाला. फुलवाली मल्लीपू, म्हणजे मोगरा, विकताना मध्येच "पाने मांडली" म्हणू लागली, तिला ते ओरडायला सोयीचं वाटलं. म्हणून शब्दाच्या जोडीला राखणदार एक प्रश्नही विचारील, असं चंद्रमौलीरावांनी जाहीर केलं. सुरक्षिततेसाठी. पहिला प्रश्न सोपा होता. आज घरीं काय शिजलें?

"आंबट भाजी," वकिलांनी कानात सांगितलं.

"कशाची?"

"पालेभाजीची. चिंच जास्त झाली."

"कोणाकडून जास्त झाली?"

वकिलांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "सुंदरीकडून. धाकटी सून. पण मी कांहीं म्हणटलें नाहीं."

"कां म्हणटलें नाहीं?"

अशा रीतीनं दर रविवारी प्रश्न लांबत गेले. मास्तरांच्या आईचा गुडघा कसा आहे, पोस्टातल्यांच्या मुलीला, भवानीला, पट्टीश्वरमचं स्थळ पसंत पडलं की नाही, लहानपणी अंगाई कोणती म्हणत. सगळं कानात, सगळं मराठीत. बाकीचे तिण्णैवर रांगेत बसून तमिळमध्ये खोळंबत. आत जाऊन ते बोलणार ते बोलतच, पण चंद्रमौलीरावांची सभा बाहेरच भरे, एकेकाची, कानाएवढ्या जागेत. त्या तेवढ्या बोलण्यावर आठवडा निघे. सोमवारी ते सुंदरीच्या चिंचेचा विचार करत, मंगळवारी मास्तरांच्या आईच्या गुडघ्याचा. कॉफी करताना हाताला वाफ लागली, तेव्हा तोंडातून "आई ग" निघालं. त्यांनी भांडं खाली ठेवून पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. आलं बरोबर.

पण माणसाला सुख मिळालं की त्याचा हात सैल सुटतो. एका रविवारी चंद्रमौलीरावांनी प्रश्न काढला, तुमचे आजे घरांत कसे बोलत तें बोलून दाखवा. मास्तरांनी आजोबांचा खोकलाही करून दाखवला. पोस्टातल्यांच्या आजोबांना दोन बायका होत्या, त्यांनी दोघींचेही आवाज काढले. चंद्रमौलीरावांना हसू आवरेना. राजगोपालराव रांगेत शेवटी होते. त्यांची पाळी आली, तोवर सारंगपाणीच्या देवळाकडची सावली अंगणात पोचली होती. वकिलांनी आजोबांचं एक वाक्य म्हटलं, दार ओलांडलं, आणि आतलं घड्याळ पाहून मटकन पाटावर बसले. साडेचार वाजून गेले होते. अध्यक्ष राहूकाळात आत आले होते.

दुसऱ्या दिवशी ते कोर्टात एक दावा हरले. तो दावा कुठल्याही काळात हरण्यासारखाच होता, असं खुद्द त्यांचा कारकून म्हणे. पण राहूवर आळ घेतला की राहू काही वकील लावत नाही.

पुढच्या रविवारी सगळे लवकर आले. प्रश्नांना कुणी धड उत्तरं दिली नाहीत. "नंतर, नंतर," म्हणत आत गेले. त्या दिवशी आतून हसण्याचा आवाज आला नाही. सभा संपल्यावर राजगोपालराव बाहेर येऊन तिण्णैवर बसले, चंद्रमौलीरावांच्या शेजारी, आणि तमिळमध्ये म्हणाले, "राव, आज एकमतानं एक ठराव झाला."

"कसला?"

"परवलीचा शब्द आणि प्रश्न बंद. आपण सगळे एकमेकांना ओळखतो. तुम्हालाही उगीच त्रास."

"त्रास नाही," चंद्रमौलीराव म्हणाले. तेही तमिळमध्येच, कारण ते तिण्णैवर होते.

"तुमचा मोठेपणा आहे. पण राखणदार राहणार हं. परंपरा आहे ती. झाराही राहू दे, शोभतो." वकिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता. एवढ्या मायेनं कुणाचं काही काढून घेणं सगळ्यांना जमत नाही.

एकमत झालं तेव्हा सातवं मत दाराबाहेर होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. चंद्रमौलीरावांच्या आलं. पण ते सांगायचं म्हणजे पुन्हा तीच अडचण, आणि तिण्णैवर मांडून ठेवण्यासारखी ती गोष्ट नव्हती. वकील गेल्यावर त्यांनी आत जाऊन सात पाट उचलले.

त्यानंतरच्या रविवारी सभा कशी वेळेवर सुरू झाली. राजगोपालराव आले, "वणक्कम, सार" म्हणाले, आत गेले. मास्तर आले, आत गेले. पोस्टातले चपला काढता काढता म्हणाले, पाऊस पडेलसं वाटत नाही. प्रत्येकाच्या वेळी चंद्रमौलीरावांचा कान सवयीनं थोडा पुढे होई आणि मग त्यांच्या लक्षात येई. त्यांनी मान अवघडल्यासारखी करून चोळली. दार लागलं. चार वाजून थोडेच झाले होते. आत हसणं सुरू झालं.

"आज लवकर आटपलं," अलमेलू मामी समोरून म्हणाली.

"हो. सोपं केलंय आता."

मामीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तांदळातला एक खडा काढून तिनं रस्त्यावर टाकला.

कोपऱ्यावरून व्यंकोबा आला. उशीर झालेला, कपाळाला बुक्का, गोविंदपुरमहून तसाच बैलगाडीतून उतरलेला. धापा टाकत तिण्णैची पायरी चढला, दाराला हात लावला आणि थांबला.

"विचारा," तो म्हणाला. मराठीत. तिण्णैवर उभा राहून, साध्या आवाजात, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल अशा. फुलवाली थबकली.

"बंद झालें तें," चंद्रमौलीराव गडबडून म्हणाले, आणि त्यांच्याही तोंडून मराठीच निघालं. "ठराव झाला. तुम्हींही होतांत."

"होतों. हातही वर केला. सर्वांनीं केला म्हणून केला." व्यंकोबानं उपरण्यानं कपाळ पुसलं, बुक्का नाकावर उतरला. "पण सभेचें सभेपाशीं. झारा माझा आहे. माझे झाऱ्यास तरी विचारूं द्या."

चंद्रमौलीरावांना प्रश्न आठवेना. आठवडाभर त्यांनी एकही तयार केला नव्हता. "आज घरीं काय शिजलें?" त्यांनी पहिलाच विचारला.

"घरीं गेलोंच नाहीं अजून. देवळांत चुरमुरे खाल्ले." व्यंकोबा खाली वाकला. त्यानं चंद्रमौलीरावांच्या कानाभोवती दोन्ही हात धरले, डोळे घट्ट मिटले, श्वास रोखला आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून कुजबुजायचा प्रयत्न केला. मानेच्या शिरा फुगल्या. चेहरा लाल झाला.

"पानें मांडलीं, अण्णा."

या खेपेला फक्त समोरच्या घरापर्यंतच ऐकू गेलं. अलमेलू मामीचा सुपावरचा हात थांबला.

"जा आंत," चंद्रमौलीराव म्हणाले. "राहूकाळ लागेल."

व्यंकोबा आत गेला. आतून पाचही जणांनी एकदम काही म्हटलं, त्याच्या उशिरावरून असणार, आणि तो काही म्हणाला, आणि सगळे मोठ्यानं हसले. मग दार लागलं आणि हसणं लांब गेलं. रस्त्यावर ऊन उतरत होतं. तिण्णैच्या कडेला व्यंकोबाच्या वहाणा एकीवर एक पडल्या होत्या, त्या चंद्रमौलीरावांनी झाऱ्यानं सरळ केल्या.

मग मान न वळवता ते बंद दाराला म्हणाले, "आलों."

आणि झारा मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.